श्री नावाची आज्ञा सापडली नाही

नाव लिहायची जागा दिसली की आमच्या अण्णांच्या अंगात यायचं. एरवी माणूस अगदी गरीब गाय. ऑफिसात कुणाशी आवाज चढवून बोलणं नाही, एसीसमोरची जागा दुसऱ्याला देणार, कॅन्टीनमध्ये सांबार सांडलं तर स्वतः फडकं घेऊन पुसायला उठणार. पण समोर एखादा फॉर्म आला, किंवा मोबाइलवर एखादा चौकोन उघडला आणि त्यावर ‘नाव’ असं लिहिलेलं दिसलं, की हा साठीला टेकलेला माणूस डोळे बारीक करून खुर्चीत पुढे सरकायचा. त्या चौकोनात त्यांनी आपलं नाव सरळ लिहिलेलं मी तरी कधी पाहिलं नाही.

बेंगळुरात मारतहळ्ळीला मी राहायचे त्या सोसायटीच्या फाटकावर पाहुण्यांसाठी वही असायची. एकदा अण्णा माझ्याकडे जेवायला आले. ‘कोणाकडे’ या रकान्यात त्यांनी कानडीत सुवाच्य अक्षरांत लिहिलं, ‘ज्याच्याकडे स्वयंपाक तयार असेल त्याच्याकडे’. वॉचमनने वही फिरवून घेतली, मान डोलावली आणि आत सोडलं. वर आले ते लॉटरी लागल्यासारखे. “नोड अक्का, बघ, वाचलंच नाही त्यानं.” मी वैतागले. म्हटलं, अहो तो बिचारा दिवसभर उन्हात उभा असतो, त्याची कसली परीक्षा घेता? तर म्हणाले की त्याचं काहीच चुकलेलं नाही, चुकलंय वही ठेवणाऱ्याचं. आत काय आलंय ते बघायचंच नसेल तर रकाना काढला कशाला? आणि मग भरल्या वांग्यांवर असे तुटून पडले की मला पुढे भांडताच आलं नाही.

कोरमंगलातल्या एका हॉटेलात बिलाबरोबर अभिप्रायाचं कार्ड आलं, तर नावाच्या जागी यांनी लिहिलं ‘पंखा आवाज करतो’. त्यानंतर कितीतरी दिवस त्या हॉटेलचे संदेश यांच्या मोबाइलवर यायचे. प्रिय पंखा आवाज करतो, आपल्यासाठी खास थाळी. प्रिय पंखा आवाज करतो, उगादीच्या शुभेच्छा. अण्णा प्रत्येक संदेश सगळ्यांना दाखवायचे, आणि हसून झालं की न चुकता एक गोष्ट सांगायचे: पंख्याला तेल अजून कुणी घातलेलं नाही.

आमची कंपनी लहान. काम काय, तर दुसऱ्यांच्या सर्व्हरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बनवायचं. दवाखाने, पतपेढ्या, कॉलेजं, जिथे म्हणून थंड खोलीत सर्व्हर रात्रंदिवस घुमत असतात तिथे आमचं सॉफ्टवेअर राखणीला बसायचं. सर्व्हर तापला, बंद पडला, त्यातली जागा भरली, की संबंधित माणसाच्या मोबाइलवर लगेच खबर. मी त्याची माहितीपुस्तकं लिहायचे, म्हणजे कुठलं बटण कशासाठी हे लोकांना कळेल अशा भाषेत मांडायचं. आणि अण्णा त्या सॉफ्टवेअरचे जवळजवळ जन्मदाते. साहेबांनी कंपनी काढली तेव्हा पहिला माणूस घेतला तो हा. साहेब दिल्लीकडचे, हिंदी-इंग्रजीत सगळ्यांना फाडून खाणारे; पण अण्णांशी बोलताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

माझी आणि अण्णांची ओळख माझ्या तोंडामुळे झाली. माझं डोकं लवकर तापतं. मी सांगलीची, पण त्यात सांगलीचा दोष नाही, स्वभावच तसा. नोकरीला लागून आठवडा झाला असेल, माझा घरमालक आंघोळीच्या वेळी पाणी बंद करायचा, आणि मी जागेवर बसून फोनवर आईला त्याचे गुण सांगत होते. इथे मराठी कुणाला कळतंय, अशा भरवशावर अगदी ठेवणीतले शब्द काढले होते. फोन ठेवला तर मागे स्टीलचा कॉफीचा पेला घेऊन अण्णा उभे. चेहऱ्यावर भक्तिभाव. म्हणाले, यातले निम्मे शब्द आमच्या घरात आजोबांबरोबर गेले, परत एकदा सावकाश सांगशील का.

त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरातलं. मराठी घरातच राहिलेलं, आणि राहता राहता कानडीत मुरलेलं. जरासाठी स्वल्प, ठीकसाठी सरी, नकोसाठी बेडा, असं मध्ये मध्ये येत राहायचं, आणि स्वतःच्या मुलीएवढ्या मलाही ते अक्का म्हणायचे. मी सुरुवातीला त्यांचं मराठी सुधारायला गेले. ते शांतपणे म्हणाले, आमचे लोक घोड्यावर बसून आले अक्का, तू व्होल्वोनं आलीस, भाषेत फरक पडणारच. त्यानंतर मी त्या वाटेला गेले नाही.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. कुणीही येऊन सांगितलं की अमुक चालत नाही, तमुक होत नाही, तर अण्णा विचारायचे, “जाऊन बघून आलास का?” बस्स, एवढंच. चिडून नाही, टोमणा म्हणून नाही. पण या प्रश्नापुढे भले भले गारद व्हायचे, कारण बहुतेक वेळा कुणी जाऊन बघितलेलं नसायचं. साहेबसुद्धा. मला तो प्रश्न इतक्या वेळा ऐकावा लागला की आता मी माझ्या नवऱ्याला विचारते, आणि तोही वैतागतो.

आता अण्णा निवृत्त होऊन म्हैसूरला मुलीकडे असतात. कंपनीही पुष्कळ वाढली. नवीन लोकांना मी अण्णांच्या गमती सांगते आणि ते हसतात. पण हसून झाल्यावर मला जी गोष्ट सांगायची असते ती गमतीची नाही. ती आठवली की आजही मला त्या माणसाला हात जोडावेसे वाटतात.

आयुधपूजेचे दिवस होते. बेंगळुरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऑफिसात काम म्हणून होत नाही. फाटकाला केळीचे खांब, स्कूटरच्या चाकांखाली लिंबं, रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्यांचा रेंदा, आणि प्रत्येकाच्या हातात कडलेपुरीची, म्हणजे आपल्या चुरमुऱ्यांची पुडी. सर्व्हरलाही हळदकुंकू. अण्णांचा त्यात एकच कायदा होता: कुंकू लावायचं ते दाराच्या चौकटीला, मशीनला नाही, कारण आतला पंखा कुंकू ओढून घेतो. बाकी ते स्वतः आरतीला पहिले उभे असत, चपला बाहेर काढून.

तशीच पूजा त्या दिवशी के. आर. पुरमच्या एका दवाखान्यातही झाली. तिथे आमचं सॉफ्टवेअर होतं, आणि ते सांभाळायला मंजुळम्मा नावाची एक कंत्राटी बाई. वय चाळिशीच्या पुढे, रोज सकाळी कोलारकडून गाडीने यायची. तिने सर्व्हरची खोली पुसली, फुलं वाहिली. मग तिच्या मनात आलं की मशीनची पूजा झाली, पण स्क्रीनवर त्याचं जे नाव दिसतं ते तसंच बोडकं आहे. म्हणून तिने नावाचा चौकोन उघडला आणि ‘लॅब’ या शब्दाच्या आधी दोन उभ्या रेघा, मग श्री, मग पुन्हा दोन उभ्या रेघा असं टाइप केलं. लग्नपत्रिकेवर असतं तसं. आपल्याकडे वहीच्या पहिल्या पानावर कोण लिहीत नाही? तिने मशीनवर लिहिलं एवढंच.

दुसऱ्या दिवशी दसरा. दवाखान्यातल्या सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडला, सर्व्हर तापत गेला आणि शेवटी बसला. आमच्या सॉफ्टवेअरने खबर द्यायला हवी होती, ती कुणालाच गेली नाही. दुपारपर्यंत रक्ताचे रिपोर्ट अडकून पडले, नातेवाईक खिडकीवर भांडायला लागले, डॉक्टर हाताने लिहीत बसले. नशीब की कुणाच्या जिवावर बेतलं नाही. पण दवाखाना भयंकर चिडला, आणि चिडायलाच हवं होतं.

सुट्टीनंतर आमच्या सपोर्टवाल्यांनी तिथल्या सॉफ्टवेअरची नोंद काढून पाहिली. त्यात एक ओळ सापडली: ‘श्री नावाची आज्ञा सापडली नाही.’ झालं. सगळ्या मजल्यावर हशा. मशीन देवाला शोधतंय आणि देव सापडत नाहीये, यावर जे काही विनोद करता येतात ते सगळे करून झाले. ती ओळ छापून कुणीतरी फ्रिजवर चिकटवली. मीही पोट धरून हसले, खोटं कशाला सांगू. साहेबांना मात्र त्यात उत्तर मिळालं. त्यांनी दवाखान्याला लगेच कळवून टाकलं की तुमच्या कर्मचाऱ्याने नावात नको ती चिन्हं घातली, म्हणून खबर गेली नाही, आमचा काही दोष नाही.

अण्णा कॉफीचा पेला घेऊन आले, फ्रिजवरची ओळ वाचली, आणि हसले नाहीत. तिथेच उभे राहिले. कॉफीवर साय धरली तरी हललेच नाहीत. मी विचारलं, काय झालं?

“सापडली नाही म्हणतोय,” अण्णा म्हणाले. “म्हणजे शोधायला गेला होता.”

मला काही कळलं नाही.

“नाव ठेवायला दिलं होतं ना? मग शोधायला कोणी सांगितलं?”

एवढं बोलून पेला त्यांनी जवळच्या टेबलावर ठेवला, दुसऱ्याच कुणाच्या तरी कागदांवर, आणि जागेवर जाऊन बसले. मी फ्रिजपाशी ती ओळ पुन्हा वाचली. इतक्या शहाण्यासुरत्या इंजिनियरांनी वाचून हसून सोडलेली ओळ, आणि या माणसाला त्यात पावलं दिसली.

मला नंतर समजलं ते असं. सॉफ्टवेअर मशीनचं नाव विचारतं आणि ते नाव घालून एक आज्ञा तयार करतं: अमुक मशीनची खबर पाठव. ही आज्ञा आतल्या एका हुकमाच्या ताबेदाराकडे जाते, आणि तो ती जशीच्या तशी पाळतो. आता त्या ताबेदाराच्या भाषेत दोन उभ्या रेघा म्हणजे एक आज्ञा इथे संपली, ती फसली तर पुढची घे. मंजुळम्माच्या रेघांनी आमची आज्ञा मधोमध तुटली. अर्ध्या आज्ञेने खबर कुणाला जाणार? आणि रेघांनंतरचा श्री हा शब्द ताबेदाराला नवीन हुकूम वाटला. त्या नावाचा हुकूम त्याच्याकडे नव्हता म्हणून तो गप्प बसला. असता तर त्याने तो पाळला असता. म्हणजे कुणी वाईट माणसाने तिथे श्रीच्या जागी भलतंच काही लिहिलं असतं, पुसून टाक, बंद कर, उघडून दे, तर तेही झालं असतं. आणि नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला सगळीकडे डोकवावं लागतं, म्हणून सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याकडेच.

दुपारी मी अण्णांच्या टेबलाशी गेले. त्यांनी तो भाग उघडून ठेवला होता, फार जुना. आमच्याकडे प्रत्येक भागाच्या वर तो लिहिणाऱ्याची आद्याक्षरं असतात. वर अण्णांची होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले, आणि ते हसणं मला बघवलं नाही. सगळ्या गावाचे रकाने तपासत हिंडलो अक्का, म्हणाले, घरचा राहिला. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की तेव्हा कंपनीत तुम्ही एकटेच होतात, घाई असेल. ते म्हणाले, घाई नव्हती, नावात कोणी नावच लिहील असं वाटलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी दुरुस्ती करून ठेवली. आता नाव हे नावच राहणार होतं, त्यात काहीही लिहा.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मला यासाठी की ग्राहकांना जाणारी पत्रकं मीच लिहायचे. साहेब माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. एक परदेशी कंपनी आमच्याशी हात मिळवायच्या बेतात होती आणि अण्णांची निवृत्ती जवळ आली होती. साहेब हिंदीत, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले की दुरुस्ती सगळ्यांकडे गुपचूप पाठवू, पत्रकात नेहमीसारखं ‘किरकोळ सुधारणा’ लिहू. तुमचं नाव इतकी वर्षं स्वच्छ आहे, जाताना कशाला डाग?

अण्णांनी विचारलं, त्या बाईचं काय?

साहेब म्हणाले, कंत्राटदार तिला दुसरीकडे लावेल.

“जाऊन बघून आलात का?”

दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात बैठक होती, आणि अण्णा म्हणाले, मी येतो. नको म्हणायची साहेबांची छाती झाली नाही.

के. आर. पुरमच्या पुलाखाली आम्ही इतका वेळ अडकलो की साहेबांनी मधल्या मधे तीन फोन संपवले आणि अण्णांची एक डुलकी झाली. पोचलो तेव्हा व्यवस्थापकांच्या दाराबाहेर मंजुळम्मा उभी होती. गळ्यातलं ओळखपत्र तिने काढून हातात धरलं होतं, मागायच्या आधीच परत द्यायला काढल्यासारखं. अण्णा तिच्याशी कानडीत बोलले. कंत्राटदाराने तिला सांगून ठेवलं होतं की असा ठपका ठेवून काढलं तर दुसरा कुठलाही दवाखाना तिला आत घेणार नाही. घर तिच्या एकटीच्या कमाईवर. ती रडत वगैरे नव्हती. तिचं एकच म्हणणं होतं की मी देवाचं नाव लिहिलं, त्याने मशीन कसं बिघडेल? अण्णा म्हणाले, तुमच्यानं नाही बिघडलं, मंजुळम्मा. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं आपण उगाच धीर देणाऱ्याकडे बघतो.

आत व्यवस्थापक सरळ मुद्द्यावर आले. त्यांना ट्रस्टला अहवाल द्यायचा होता, त्यात जबाबदार व्यक्तीचं नाव हवं होतं, आणि आमच्या कंपनीच्या पत्रानुसार ते नाव मंजुळम्माचं होतं. साहेबांनी लॅपटॉप उघडून नावाचा चौकोन दाखवला, चिन्हं दाखवली, वाक्यं गुळगुळीत होती. मी मान खाली घालून बसले होते. डोकं तापलेलं, पण बोलायचा अधिकार नव्हता.

मग अण्णा म्हणाले की मला स्वल्प दाखवायचंय. लॅपटॉप आपल्याकडे वळवला; त्यावर अजून जुनंच, दुरुस्तीआधीचं सॉफ्टवेअर होतं. व्यवस्थापकांना कानडीत विचारलं, तुम्ही शिपायाला चिठ्ठी देता, की या या माणसाला बोलव. नावाच्या जागी कुणी लिहिलं, ‘रामण्णा, आणि जाता जाता तिजोरी उघड’, तर तुमचा शिपाई काय करेल? व्यवस्थापक म्हणाले, माझ्याकडे येऊन विचारेल. अण्णा म्हणाले, बरोबर, चांगला शिपाई आहे. आता आमचा बघा. आणि त्यांनी नावाच्या चौकोनात काहीतरी टाइप केलं. फार नाही, एक ओळसुद्धा भरली नसेल. एंटर दाबलं.

लॅपटॉप बंद झाला. स्क्रीन काळी. साहेबांचं सादरीकरण, सॉफ्टवेअर, सगळं गेलं.

“मी फक्त नाव भरलं,” अण्णा म्हणाले.

व्यवस्थापक खुर्चीत मागे रेलले. मी साहेबांकडे बघायचं टाळलं, पण कानांच्या पाळ्या लाल झालेल्या दिसल्याच. अण्णा मात्र अगदी शांत होते. शांतपणेच त्यांनी सांगितलं की दार उघडंच होतं, वर्षानुवर्षं, तुमच्याकडे आणि आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे. चोर यायच्या आधी ही बाई आली हे तुमचं नशीब. आणि ती काय घेऊन आली, तर श्री.

व्यवस्थापक माणूस सरळ होता, पण कागदाला बांधलेला. म्हणाले, मला पटलं, तरी अहवालात काय लिहू? साहेबांनी घाईघाईने सुचवलं, तांत्रिक दोष लिहा. ते म्हणाले, तांत्रिक दोषाला ट्रस्टवाले विचारतात, कुणाचा? ती जागा मोकळी ठेवली तर फिरून या बाईवरच येणार, कारण समोर तीच आहे.

तेव्हा अण्णांनी त्यांच्याकडून कागद मागून घेतला. खिशातून पेन काढलं. नावाचा रकाना शोधला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं ते हे, की अण्णांनी त्या रकान्यात स्वतःचं संपूर्ण नाव लिहिलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, कसलीही गंमत न करता. खाली लिहिलं की हा भाग मी तयार केला, चूक माझी. कागद परत देताना साहेबांना हिंदीत म्हणाले, रिकामा रकाना कोणी ना कोणी भरतंच, साहेब. माझा मी भरलेला बरा.

साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं का कशाचं, मला सांगता येणार नाही. परत येताना मारतहळ्ळीच्या सिग्नलला ते एकदम म्हणाले की आता सगळ्यांनाच नीट कळवू, किरकोळबिरकोळ काही नको.

तर पत्रक लिहायचं माझ्याकडे आलं. आमच्या धंद्यात एक रीत आहे. सॉफ्टवेअरमध्ये असं भोक सापडलं की जगजाहीर सूचना काढायची, आणि ज्याने ते शोधून काढलं त्याचं नाव खाली मानाने छापायचं. त्या नावासाठी हुशार हुशार लोक वर्षानुवर्षं धडपडतात, नोकरीच्या अर्जात लिहितात. मी अण्णांना विचारलं, तुमचंच घालू ना? ते म्हणाले, मी कुठे शोधलं, मी तर ते करून ठेवलं होतं. शोधलं मंजुळम्मानं. तिचं नाव घाल. आणि ज्यानं करून ठेवलं त्याचंही खाली घाल, दवाखान्याच्या कागदाला आपल्या पत्रकाचा आधार हवा, नाहीतर आपलं आधीचं पत्र तिच्याविरुद्ध तसंच राहील. मी कितीतरी कंपन्यांच्या सूचना वाचल्या आहेत. शोधणाऱ्याचं नाव सगळीकडे असतं. चुकणाऱ्याचं नाव मी त्याआधी कुठे पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. साहेबांनी ती ओळ वाचली, पेन उचललं, आणि परत ठेवलं.

सूचना गेली. सगळीकडे दुरुस्ती बसली. परदेशी मंडळींनी हात मिळवणं लांबवलं, आणि इंटरनेटवरच्या टवाळखोरांना आठवडाभर खाद्य मिळालं. साठीचा इंजिनियर आणि नवशिक्याची चूक, असं कायकाय लिहिलं लोकांनी, अण्णांच्या नावानिशी. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकेकाला उत्तर लिहायला बसले होते, तर अण्णा म्हणाले, बेडा अक्का, खरंच आहे ते. मग कॉफी ढवळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “पण स्वल्प लागतं ग.” एवढंच.

आणि मग एक दिवस मंजुळम्माच आमच्या ऑफिसात आली. सुट्टी टाकून, दोन बस बदलून. हातात आमची सूचना, छापलेली, घडी घालून घालून मऊ झालेली. दवाखान्यात कुणीतरी ती फळ्यावर लावली होती आणि तिला म्हटलं होतं, तुझं नाव आलंय. बाकी सगळं इंग्रजी. सरकारी वाटावा असा मथळा, खाली धोक्याचा इशारा, आणि त्याखाली तिचं नाव. बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला वाटलं, दवाखान्याने सोडलं पण आता हे कुठल्यातरी मोठ्या ठिकाणी गेलं. नोकरी राहिली म्हणून तिने गावच्या देवीला नारळ फोडला होता, आणि आता हे. कागद पुढे करून तिने अण्णांना विचारलं की माझ्यावर अजून काय आहे?

मी बोलायला तोंड उघडलं, पण कानडी मला ऐन वेळी कधीच सुचत नाही. अण्णांनी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, कागद टेबलावर सरळ केला. त्यावरची दोन नावं बोटाने दाखवली, आधी वरचं, मग खालचं.

“हे वर तुमचं आहे,” ते म्हणाले. “ते मानाचं आहे. चुकीचं नाव खाली आहे, ते माझं.”

मंजुळम्माने दोन्ही नावांवरून बोट फिरवलं. मग तिने विचारलं की तुम्ही तुमचं नाव का लिहू दिलंत. अण्णा म्हणाले, नाहीतर वरचं तुमचं नाव खाली आलं असतं.